अश्वशक्ती छापता, मग टर्बो जागा कधी होतो तेही छापा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत टर्बो इंजिनांची ताकद वाढवण्यावर लेख आला होता. (टर्बो म्हणजे इंजिनाच्या सोडलेल्या धुरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा.) तो मी दोनदा वाचला, दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल घेऊन. लेखकाने मेहनत घेतली आहे, चित्रंही चांगली आहेत. पण खालच्या चौकटीचा मथितार्थ असा, की मोठा टर्बो बसवला की ताकद वाढते, लॅगही, म्हणजे पाय दाबल्यापासून ताकद येईपर्यंतचा उशीर, वाढतो, आणि तो घालवायला अँटी-लॅग, म्हणजे पाय सोडला तरी टर्बो फिरता ठेवणारी युक्ती, बसवली की काम झालं. सोमवारी सकाळी मी शटर वर करतोय तोवर दोन पोरं तीच चौकट मोबाइलवर घेऊन दारात उभी. "काका, अँटी-लॅगला किती पडतील?" त्यातल्या एकाच्या गाडीचे हप्ते अजून चालू आहेत. म्हणून हे पत्र.

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एकोणतीस वर्षं टर्बो उघडतोय. सुरुवात ट्रकच्या टर्बोंपासून झाली, मग डिझेल जीप आणि मोटारी आल्या, आणि गेली दहा-बारा वर्षं स्पर्धेच्या पेट्रोल गाड्यांची इंजिनंही आमच्याकडे बांधली जातात. इंजिनाची ताकद किती, हे विचारणारे रोज भेटतात. ती ताकद पायाखाली येते कधी, हे विचारणारा महिन्यातून एखादा. आणि खरी गाडी चालते ती या दुसऱ्या प्रश्नावर.

आधी शब्द नीट करून घेऊ, कारण लोक दोन वेगळ्या गोष्टींना 'लॅग' म्हणतात. टर्बोला फिरवतो तो इंजिनाचा सोडलेला धूर. इंजिन हळू फिरत असेल तर धूरच पुरेसा नसतो. पाचव्या गिअरमध्ये १४०० आरपीएमला (म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला १४०० फेऱ्यांना) तुम्ही पाय कितीही दाबा, टर्बोला हवेचा दाब करता येणारच नाही. हा लॅग नव्हे. हा त्या टर्बोचा उंबरठा आहे, त्याच्या आत यायचं तर गिअर खाली घ्यावा लागतो. लॅग त्यानंतरचा. इंजिन उंबरठ्याच्या वर आहे, धूर पुरेसा आहे, तुम्ही पाय दाबला, तरी पूर्ण दाब यायला जो वेळ जातो तो लॅग. पहिली गोष्ट आरपीएममध्ये मोजायची, दुसरी सेकंदांत. आपल्या लेखात दोन्ही एकाच पोत्यात भरल्या आहेत, आणि तिथूनच चुकीचे उपाय सुरू होतात.

आता हा वेळ जातो कुठे ते सांगतो. माझे वडील याच उद्यमनगरात ऑइल इंजिनांची फ्लायव्हीलं टर्न करायचे. शेतावरच्या पंपाच्या त्या इंजिनाला चाक जड लागायचं, आणि वजन कडेला लागायचं. एकदा फिरलं की थांबता कामा नये, एका धक्क्यापासून दुसऱ्या धक्क्यापर्यंत त्याने इंजिन ओढून न्यायचं. हँडल मारून ते चाक हलवताना दोन माणसांचा घाम निघायचा, हे मी लहानपणी पाहिलं आहे. टर्बोमध्ये नेमकं हेच नको असतं. तिथे एका दांड्यावर दोन चाकं असतात, एक धुरातलं (टर्बाइन) आणि एक हवेतलं (कॉम्प्रेसर), आणि ती मिनिटाला चाळीस हजार फेऱ्यांवरून दीड लाखावर न्यायची असतात, तीसुद्धा ड्रायव्हरचा पाय टेकल्यापासून सेकंदाच्या आत. चाक जितकं जड आणि जितकं रुंद, तितकं ते हलायला आळशी.

आणि रुंदीचा हिशेब फार क्रूर आहे. एकाच घडणीचं, एकाच धातूचं चाक सगळ्या बाजूंनी १० टक्के मोठं केलं, तर त्याची फिरायची अनिच्छा १० टक्क्यांनी वाढत नाही, ६० टक्क्यांनी वाढते. व्यासाचा पाचवा घात घ्यावा लागतो. ४६ मिलिमीटरच्या जागी ५२ मिलिमीटरचं चाक घेतलं, तर ते फिरवायला सुमारे १.८५ पट जड जातं. हातात घेतलं तर दोन्ही चाकं सारखीच वाटतात. सहा मिलिमीटर म्हणजे किती, आपल्या करंगळीच्या अर्ध्या नखाएवढं. पण त्या सहा मिलिमीटरमध्ये एका पोराचा जीव जायचा होता. त्यात माझा हात होता, म्हणून ते सविस्तर सांगतो.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. गडहिंग्लजकडचा एक मुलगा, वय तेवीस, चौदाशे सीसीची टर्बो पेट्रोल हॅचबॅक घेऊन आला. त्याने बाहेरून एक टर्बोचा संच मागवला होता, विक्रेत्याने डायनोचा, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, कागद दाखवला होता, त्यावर अश्वशक्तीचा मोठा आकडा होता. मला बसवून पाहिजे होता. मी चाक बघितलं, ५२ मिलिमीटर. चौदाशे सीसीला हे मोठं आहे, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. पण तो कागद मलाही भुलवत होता. मी बसवला. पुण्याला जाऊन डायनोवर धरला, कागदावरचा आकडा जवळजवळ खरा निघाला. आम्ही दोघांनी तिथेच उभं राहून चहा घेतला, आणि मला माझा अभिमान वाटला, हेही लिहितो.

त्या गाडीचा पूर्ण दाब ४३०० आरपीएमला यायचा. इंजिनाची कमाल फेरी ६५००. म्हणजे चांगल्या रस्त्यावर, सरळ, मोकळा, तर गाडी उडायची. जुलैत तो मुलगा गगनबावड्याहून करूळ घाटाने वैभववाडीकडे उतरला आणि संध्याकाळी परत चढत होता. पाऊस, रस्त्यावर वरून आलेली लाल माती. दुसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना २८०० आरपीएमला त्याने पाय दाबला. काही नाही. अजून दाबला. काही नाही. मग ४००० ओलांडले आणि सगळं एकदम आलं, वळण संपायच्या आत. पुढची चाकं जागेवर फिरली, गाडी सरळ गेली आणि कठड्यावर बसली. कठडा तिथे होता म्हणून ती थांबली. त्याच्या शेजारी त्याची धाकटी बहीण होती. दोघांना ओरखडाही आला नाही. रात्री त्याचा फोन आला तेव्हा तो माझ्यावर रागावला नव्हता, उलट विचारत होता, "काका, माझंच चुकलं का?" त्याचं चुकलं नव्हतं. ज्या पायाला उत्तर एक सेकंदाने मिळतं, तो पाय दरवेळी जास्तच दाबला जातो. माणसाचा स्वभाव आहे तो.

ती गाडी आम्ही रस्त्यावरून काढली. मुलाला मातीच्या ट्रॅकवर ऑटोक्रॉस खेळायची होती, म्हणून तिला स्पर्धेचीच गाडी केली, आता ती ट्रेलरवरून जाते. आणि त्या एका इंजिनावर मी पावसाळाभर बसलो. मला लॅगबद्दल जे काही माहीत आहे, त्यातलं बरंचसं त्या चार महिन्यांतलं आहे.

पहिली गोष्ट, आहे तो धूर टर्बोपर्यंत पोचतो का. शिट्ट्या आणि गळत्या शोधल्या. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांचा धूर गोळा करून टर्बोकडे नेणाऱ्या नळ्यांच्या, जोडाला केसाएवढी फट होती आणि तिच्याभोवती काजळीचा काळा पंखा उमटला होता. टर्बाइनच्या आधी निसटलेला धूर कामाचा नाही, आणि मोठ्या टर्बोला तर प्रत्येक श्वास हवा असतो. दुसरं, वेस्टगेटची झडप पूर्ण बसत नव्हती. ही झडप जास्तीचा धूर बाहेरच्या वाटेने सोडते, म्हणजे दाब हवा तेवढा झाल्यावर तिने उघडायचं. आमची स्प्रिंग मऊ होती, ती अर्ध्या दाबालाच किलकिली व्हायची. टर्बो धावायला निघाला की हिने मागून सदरा ओढायचा. स्प्रिंगचा ताण वाढवला, आणि इंजिनाच्या संगणकातून झडप शेवटपर्यंत घट्ट बंद राहील, दाब गाठायच्या जरा आधी उघडेल, असं बसवलं. या दोन कामांना खर्च जवळपास नाही, आणि फरक पहिल्याच दिवशी कळला.

मग मी एक चूक केली, जी पुष्कळ जण करतात. इंटरकूलरच्या, म्हणजे टर्बोतून आलेली तापलेली हवा गार करणाऱ्या जाळीच्या, पाइपांमागे लागलो. पाइप लांब, त्यात हवा भरायला वेळ लागतो, म्हणून लॅग, असं सगळे सांगतात. चार दिवस पाइप कापले, वळवले, वेल्डिंग केलं, चार लिटर जागा कमी केली. फरक जाणवेना. तेव्हा कागद घेऊन बसलो. चौदाशे सीसीचं इंजिन ३००० आरपीएमला सेकंदाला ढोबळमानाने ३५ लिटर हवा ओढतं. चार लिटर पाइपात एक बार (वातावरणाइतका) जास्तीचा दाब भरायला चार लिटर जास्तीची हवा लागते. म्हणजे सगळा हिशेब मिळून सेकंदाचा नववा भाग. आमचा लॅग दोन सेकंदांच्या घरातला. चार दिवस मी नवव्या भागापायी घालवले. आधी हिशेब केला असता तर पाना हातात घेतलाच नसता. पाइप आखूड असावेत, वळणं कमी असावीत, यात वाद नाही. पण पाइप बदलून लॅग जाईल म्हणून कुणी पैसे मागत असेल, तर त्याला हा हिशेब करायला सांगा.

शेवटी टर्बोच बदलावा लागला, आणि तो लहान करावा लागला. ४६ मिलिमीटरचं चाक, बॉल बेअरिंगवर फिरणारं. साध्या टर्बोचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगतो, त्यात थोडं घर्षण असतं, विशेषतः तेल गार असताना. बॉल बेअरिंगमध्ये ते कमी. मात्र त्याला तेल मोजकंच लागतं, तेलाच्या वाटेत बारीक छिद्राचा रेस्ट्रिक्टर नाही घातला तर सीलमधून तेल धुरात जातं आणि गाडी निळा धूर टाकते. संच विकणारे हे सांगायला विसरतात.

आणि सगळ्यात जास्त समाधान देणारं काम, मॅनिफोल्ड. चार सिलिंडरच्या इंजिनात सिलिंडर पेट घ्यायचा क्रम बहुधा १-३-४-२ असतो. दर अर्ध्या फेरीला एक सिलिंडर धूर सोडतं. पण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अर्ध्या फेरीपेक्षा जास्त काळ उघडा राहतो. म्हणजे ३ नंबरने जोराने धूर सोडला, तेव्हा १ नंबरचा व्हॉल्व्ह अजून मिटायचा असतो. चारही नळ्या एकाच खोलीत सोडल्या, तर तो जोराचा ठोका टर्बाइनकडे जायच्या आधी १ नंबरच्या दारात घुसतो. ठोक्याचा जोर जातो आणि १ नंबरमध्ये शिळा धूर राहतो, दोन्हीकडून नुकसान. उपाय जुना आहे. १ आणि ४ एका वाटेने, २ आणि ३ दुसऱ्या वाटेने, आणि टर्बाइनच्या तोंडापर्यंत दोन्ही वाटा वेगळ्या. एकेका वाटेत मग ठोका पूर्ण फेरीने एकदा येतो, कुणी कुणाच्या आड येत नाही. याला ट्विन-स्क्रोल म्हणतात. आमच्या गल्लीतल्या वेल्डरने स्टेनलेसच्या नळ्या इतक्या सुबक जोडल्या, की तो मॅनिफोल्ड गाडीत बसवायला माझा हात होत नव्हता. सहा दिवस टेबलावर ठेवून आल्यागेल्याला दाखवला.

संगणकातलं काम थोडक्यात सांगतो. दाब चढत असताना ठिणगी जराशी उशिरा द्यायची, म्हणजे उष्णता धुरात जास्त जाते आणि टर्बाइनला जोर मिळतो. काही आरपीएमपुरतं, मोजून, धुराच्या तापमानावर डोळा ठेवून. टर्बोच्या मागे धूर बाहेर नेणारा डाऊनपाइप मोकळा केला. कारण टर्बाइन फिरते ती पुढच्या आणि मागच्या दाबाच्या फरकावर.

पुन्हा पुण्याला डायनोवर नेली. पूर्ण दाब ४३०० च्या जागी ३१०० आरपीएमला. ४५०० ला धरून पाय दाबला, तर पूर्ण दाब यायला आधी १.९ सेकंद लागत होते, आता ०.८. आणि वरची अश्वशक्ती २२ ने कमी झाली. मुलगा कागद बघून हिरमुसला. पुढच्या महिन्यात ऑटोक्रॉसला मिनिटाभराच्या फेरीत आधीपेक्षा दोन सेकंद कमी लागले, तेव्हा त्याने तो कागद माझ्या भिंतीला लावला. अजून तिथेच आहे.

हे काही माझं शहाणपण नाही. जगाने हे फार वर्षांपूर्वी शिकून ठेवलं आहे. फॉर्म्युला वनमध्ये टर्बो पहिल्यांदा आणला रेनोने, १९७७ साली, सिल्व्हरस्टोनला. दीड लिटरचं व्ही-६ इंजिन आणि त्याला एकच मोठा टर्बो. इतर संघ त्या गाडीला 'पिवळी किटली' म्हणायचे, इतक्या वेळा ती धूर सोडत बंद पडायची. चालत असली तरी वळणातून बाहेर पडताना ताकद उशिरा यायची, म्हणून ड्रायव्हर ज्याँ-पिएर जाबुई याला वळण संपायच्या बऱ्याच आधी पाय दाबावा लागे. १९७९ मध्ये त्यांनी तो एक मोठा टर्बो काढला आणि दोन लहान बसवले, इंजिनाच्या दोन्ही बाजूंना एकेक. त्याच वर्षी १ जुलैला दिजोंच्या फ्रेंच ग्रांप्रीत जाबुई जिंकला. टर्बो इंजिनाचा फॉर्म्युला वनमधला तो पहिला विजय. रेनोसारख्या कंपनीला मोठ्यावरून लहानावर यायला दोन वर्षं लागली. आपल्या पोरांना ती दोन वर्षं फुकट मिळू शकतात, कुणी सांगितलं तर.

चाक हलकं करायचीही खटपट खूप झाली. निस्सानने स्कायलाइन जीटी-आरला सिरॅमिकच्या टर्बाइन दिल्या. हलक्या खऱ्या, पण दाब फार वाढवला की तुटतात, हे ट्यूनिंगवाल्यांना पाठ आहे. मित्सुबिशीने लान्सर इव्होल्यूशनच्या काही आवृत्त्यांत टायटॅनियम-ॲल्युमिनाइड वापरलं, नेहमीच्या निकेलच्या धातूपेक्षा निम्म्या वजनाचं. लान्सियाने १९८५ च्या डेल्टा एस-४ ला टर्बोच्या जोडीला इंजिनच थेट फिरवतं असा सुपरचार्जरही दिला. खालच्या फेऱ्यांना हा, वरच्या फेऱ्यांना तो.

आता त्या अँटी-लॅगकडे येतो, कारण पत्राचं खरं कारण तेच आहे. अँटी-लॅग म्हणजे काय, तर ड्रायव्हरने पाय सोडला तरी हवेची वाट थोडी उघडी ठेवायची, ठिणगी इतकी उशिरा द्यायची की पेट्रोल सिलिंडरऐवजी मॅनिफोल्डमध्ये जळेल, आणि त्या जाळाने टर्बाइन फिरत ठेवायची. रॅलीच्या गाड्या फटाके फोडत जातात तो हाच आवाज. जागतिक रॅलीत हवा ओढायच्या तोंडावरच मापाचं बंधन असतं, १९९५ पासून ३४ मिलिमीटर, २०१७ पासून ३६, २०२५ पासून ३५. तिथे ताकद वाढवायला जागा कमी, म्हणून दाब सतत तयार ठेवण्याला महत्त्व. त्यांच्याकडे बदली टर्बो असतात, मेकॅनिकांची फौज असते. मॅनिफोल्ड लालभडक होतो, टर्बाइनचं आयुष्य स्पर्धेच्या किलोमीटरमध्ये मोजतात.

आणि एक गोष्ट आपल्या चौकटीत नव्हती, जी सगळ्यात मोठ्या अक्षरात असायला हवी होती. साध्या पेट्रोल गाडीचा ब्रेक हलका लागतो तो इंजिनाच्या ओढीवर, हवा आत घेणाऱ्या मॅनिफोल्डमधल्या व्हॅक्यूमवर. पाय सोडल्यावरही हवेची वाट उघडी ठेवली, की ती ओढ राहत नाही. चार वेळा ब्रेक मारले की पेडल दगडासारखं होतं. शिवाय इंजिन गाडीला मागे धरायचं तेही सोडतं. अशी गाडी घेऊन आंबोली उतरून बघा म्हणायची माझी हिंमत नाही. अँटी-लॅग मी स्पर्धेच्या गाडीलाही एकदाच बसवला, आणि त्या गाडीच्या ब्रेकची सगळी व्यवस्था आधी बदलली.

कायद्याचंही लिहायला हवं होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपेक्षा वेगळा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली मालकाला एकेका बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, होऊ शकतं. गाडी रस्त्यावरची असेल तर आता मी मोठ्या टर्बोला हात लावत नाही. करूळच्या घाटानंतर तो नियम मी स्वतःला घालून घेतला.

मग रस्त्यावरच्या गाडीचा लॅग कमी करायचाच नाही का? करायचा, आणि तो बहुतेक वेळा बदल न करताच होतो. माझ्याकडे 'पिकअप नाही, बॉक्स बसवून द्या' म्हणून येणाऱ्या डिझेल गाड्यांत दुखणं भलतंच असतं. गेल्या महिन्यात निपाणीचे एक शिक्षक आले. त्यांनी कुणाकडून तरी ताकद वाढवायचा डबा बसवून घेतला होता आणि गाडी आणखी काळा धूर टाकायला लागली होती. इंटरकूलरच्या रबरी होजला खालच्या बाजूने चीर होती, वरून दिसायची नाही, हात फिरवल्यावर तेलाचा ओलावा लागला. दाब केल्यावर सूं आवाज. होज आणि दोन क्लॅम्प बदलले, डबा काढून त्यांच्या हातात दिला. ते तिथेच रस्त्यावर एक चक्कर मारून आले आणि काही बोलले नाहीत, फक्त माझा हात धरला.

हलत्या पात्यांच्या टर्बोचं दुखणं वेगळं. त्यात टर्बाइनभोवतीची पाती हळू इंजिनाला वाट अरुंद करून धुराचा वेग वाढवतात आणि जोरात इंजिनाला वाट मोकळी करतात. एकाच टर्बोत लहान आणि मोठा दोन्ही. रांजणगावला २०२० पर्यंत बनायचं ते १२४८ सीसीचं डिझेल अनेकांच्या ओळखीचं आहे. त्याच्या ७५ अश्वशक्तीच्या अवताराला साधा टर्बो होता आणि ९० च्या अवताराला असा पात्यांचा. हीच गाडी रोज पाच किलोमीटर शहरात रांगत चालली, की पात्यांवर काजळी बसते, ती जागेवर अडकतात आणि मालकाला वाटतं टर्बो गेला. कधी तर पाती ओढणाऱ्या व्हॅक्यूमची बोटाएवढी नळी उंदराने कुरतडलेली असते. बॉक्स बसवायच्या आधी एवढं बघून घ्यावं. आणि चालवणाऱ्याने गिअर खाली घ्यायला लाजू नये. घाटात ओव्हरटेक करताना चौथ्यातून तिसरा घेणं हा लॅगवरचा सगळ्यात स्वस्त उपाय, तो कुठल्याच दुकानात मिळत नाही.

मोठ्या कंपन्या आता विजेकडे वळल्या आहेत. २०१६ मध्ये ऑडीने एसक्यू-७ ला ४८ व्होल्टवर चालणारा वेगळा कॉम्प्रेसर दिला, धूर तयार व्हायची वाटच बघायला नको. व्होल्व्होने त्याच वर्षी डिझेलला एक लहान हवेची टाकी दिली, ती पाय दाबताच एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये फुंकर घालते. फॉर्म्युला वनमध्ये २०१४ पासून टर्बोच्या दांड्यालाच मोटर जोडलेली होती, २०२६ च्या नियमांत ती काढली. तीच कल्पना मर्सिडीज-एएमजीने २०२२ च्या एसएल-४३ आणि सी-४३ मध्ये रस्त्यावर आणली. हे सगळं सुंदर आहे. मला एकदा तो विजेचा टर्बो उघडून बघायचा आहे. पण उद्यमनगरात येणाऱ्या पोरांच्या गाड्यांना ते लागू नाही, त्यांच्यासाठी योग्य मापाचं चाक आणि न गळणारी होज हेच खरं.

आता आपल्याकडे मागणं. आपण दर आठवड्याला गाड्यांची परीक्षणं छापता, आणि त्यात ठळक अक्षरात अश्वशक्ती असते. टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवायचा जोर, बारीक अक्षरात. मेहेरबानी करून त्याच्याजवळ दोन आकडे आणखी छापा. एक, जास्तीत जास्त टॉर्क कितव्या आरपीएमला सुरू होतो, हा तर कंपनीच्या कागदावरच असतो. दुसरा, तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ४० पासून ताशी ८० किलोमीटरपर्यंत जायला लागणारे सेकंद, पाय दाबल्यापासून मोजलेले. परीक्षण करणाऱ्याच्या हातात घड्याळ असतंच, शून्य ते शंभर तो मोजतोच. शून्य ते शंभर आयुष्यात कुणी करत नाही. ४० ते ८० आपण ट्रकच्या मागे रोज करतो. आणि इंजिन बांधणाऱ्यांची मुलाखत घ्याल तेव्हा 'किती काढली?' विचारून झालं की 'कधी येते?' हेही विचारा. ज्याला उत्तर देता येणार नाही, त्याचा डायनोचा कागद छापू नका. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर शर्यतीत सरळ पळणाऱ्या गाडीला मोठा टर्बो शोभतो, तिथे इंजिन सुरुवातीपासून वरच्याच फेऱ्यांवर असतं. तेच चित्र आपण घाटातल्या पोराला दाखवता, तेव्हा फरक लिहायला हवा.

आपल्या लेखकांना माझं बोलावणं आहे. पुढचा लेख लिहायच्या आधी त्यांनी एकदा यावं. माझ्या टेबलावर ते ५२ चं आणि तसंच एक ४६ चं, दोन्ही रोटर कापडात गुंडाळून ठेवले आहेत. बोटाने फुंकरीसारखी हलकी टिचकी मारून दोन्ही फिरवावेत, आणि कुठला आधी निघतो ते स्वतःच्या बोटाला कळू द्यावं. मी सोमवार ते शनिवार सकाळी नऊपासून तिथेच असतो.

आपला नम्र,
टर्बो मिस्त्री, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

(करूळच्या प्रसंगावरून त्या मुलाची ओळख पटू नये, म्हणून माझं नाव छापू नये ही विनंती.)